चार डिस्क, एक पाठ

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे मेल सर्व्हरची देखभाल कशी आली, हे आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांचा कारभार जवळून पाहिलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २००६ साली नाशिकमधल्या आमच्या संस्थेने स्वतःची मेल-व्यवस्था विकत घेतली. ती बसवून देणारे तंत्रज्ञ दोन दिवसांत मुंबईला परतले. संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याला पुण्यात बरी नोकरी मिळाली. मग इंग्रजी माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची चिकाटी असलेला माणूस म्हणून प्राचार्यांची नजर माझ्यावर पडली. 'तुम्ही जुन्या पोथ्या वाचता, हे काही त्यापेक्षा अवघड नसेल,' असे ते म्हणाले. वाक्य थट्टेचे होते, पण मला ते पुढे सात वर्षे पुरले.

ती वस्तू म्हणजे एक बंद पेटी. इंग्रजीत अशा वस्तूला 'अप्लायन्स' म्हणतात, म्हणजे ती मिक्सर किंवा फ्रिज यांच्या जातीची. आत काय चालते ते पाहायचे नाही, दिलेली बटणे तेवढी दाबायची. पुढच्या बाजूला चार खण, प्रत्येक खणात २५० जीबीची एक डिस्क आणि प्रत्येक खणावर एक बारीक दिवा. हिरवा म्हणजे ठीक, तांबडा म्हणजे ती डिस्क गेली. चार डिस्क मिळून १,००० जीबी व्हायला हवेत, पण पेटी जेमतेम ७५० दाखवी. आमच्या लेखापालांनी पहिल्याच आठवड्यात विचारले, उरलेले २५० कुठे गेले? त्यांना मी 'रेड'बद्दल सांगू लागलो तेव्हा ते दचकले. त्यांच्या कोशात त्या शब्दाला एकच अर्थ होता, आयकर खात्याचा छापा.

हे रेड प्रकरण १९८८ सालचे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी, महागडी डिस्क घेण्याऐवजी वैयक्तिक संगणकांसाठी बनणाऱ्या लहान, स्वस्त अशा पुष्कळ डिस्क एकत्र जुंपाव्यात, असे त्यांचे म्हणणे. अडचण उघडच होती. डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी मरण्याची शक्यताही जास्त. म्हणून थोडी जागा अशा जादा मजकुराला द्यायची, की ज्याच्या आधारे मेलेल्या डिस्कवरचे सारे पुन्हा उभे करता येईल. या नावातल्या 'आय' या अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे त्याच अक्षराचा विस्तार 'स्वतंत्र' असा करण्याची रीत पडली. लाखोंच्या किमतीत पेट्या विकणाऱ्यांना पहिला अर्थ गैरसोयीचाच होता. अर्थांतराची उदाहरणे जमवणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे टिपून ठेवायला हरकत नाही, कारण दुसरा अर्थही फारसा खरा नाही. त्याकडे पुढे येतो.

जादा मजकुरावरून हरवलेला मजकूर कसा काढतात, हे मला माहितीपुस्तकापेक्षा वृत्तांमुळे लवकर कळले. मोरोपंतांच्या आर्या घ्या (काटेकोर बोलायचे तर त्यांतल्या बहुतेक गीती). पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, हे ठरलेले. पोथीला कसर लागून पहिल्या चरणातले एक अक्षर गेले आणि उरलेल्यांची बेरीज १० भरली, तर गेलेले अक्षर गुरू. ११ भरली, तर लघू. अक्षर कोणते ते मात्रा सांगत नाहीत, वजन तेवढे सांगतात. पण डिस्कच्या भाषेत शून्य आणि एक अशी दोनच अक्षरे असल्यामुळे तिथे वजन कळले की अक्षरच कळते. तीन डिस्कांवरच्या एकाच जागेवरची तीन अक्षरे घ्यायची, त्यांत 'एक' किती वेळा आला ते मोजायचे, आणि सम वेळा आला असल्यास चौथीवर शून्य, विषम वेळा आला असल्यास एक लिहायचा. हा हिशेब कायम एकाच डिस्कवर न ठेवता पाळीपाळीने चौघींवर फिरवतात. लेखापालांचे २५० जीबी असे या सम-विषमात गेले होते. चार डिस्कांपैकी कोणतीही एक मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचे अक्षर न् अक्षर परत मिळते. दोन मेल्या, तर चरणातली दोन अक्षरे गेल्यासारखे होते: बेरीज तेवढी हाती राहते, ती कोणाची किती हे सांगता येत नाही.

पहिली डिस्क २००७ च्या मे महिन्यात गेली. पेटी किरकिऱ्या आवाजात ओरडू लागली आणि तिसरा दिवा तांबडा झाला. नवी डिस्क यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस मी विलक्षण कुतूहलाने काढले, कारण संस्थेतल्या कोणालाही काहीही जाणवले नाही. प्रत्येक जण आपापली पत्रे वाचत होता, आणि त्या पत्रांचा सुमारे चौथा हिस्सा कोणत्याही डिस्कवर प्रत्यक्ष लिहिलेला नव्हता. मागणी आली की तो उरलेल्या तिघींवरून त्या क्षणी काढला जाई आणि विसरला जाई. पाठचिकित्सेत ज्याला आपण अनुमित पाठ म्हणतो, तो इथे छापील प्रतीइतक्याच सहजपणे लोकांच्या पुढ्यात येत होता. फरक एवढाच की इथे अनुमानाला शंकेची जागा नव्हती.

नवी डिस्क आल्यावर मात्र धाकधूक सुरू झाली. तिच्यावर गेलेला भाग पुन्हा लिहिण्यासाठी उरलेल्या तीन डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. एरवी महिनोन् महिने ज्यांना कोणी हात लावत नाही ते कोपरेही त्यात वाचले जातात, आणि बिघाड उघडकीला यायचा तो नेमका तेव्हाच. शिवाय 'स्वतंत्र' म्हणवणाऱ्या आमच्या चारही डिस्क एकाच कारखान्यातून, एकाच खेपेत आलेल्या. एका पेटीत, एकाच उष्म्यात, एकाच विजेवर त्या सारखेच दिवस फिरलेल्या. एक गेली तर दुसरीचे आयुष्य फार निराळे असेल, असे मानायला आधार काय? त्या कामाला नऊ तास लागले. रात्री अकरा वाजता चौथा हिरवा दिवा स्थिर झाला आणि मी सायकल काढून घरी गेलो.

त्या वर्षांतल्या भारनियमनाने आणखी एक गोष्ट शिकवली. डिस्कवर लिहिणे सावकाशीचे काम, आणि मेलचा कारभार तर सगळा लहानसहान लिखाणाचा. दोन ओळींचे पत्र लिहायचे तरी या पद्धतीत चार खेपा होतात: जुना मजकूर वाचायचा, जुना हिशेब वाचायचा, मग नवा मजकूर आणि नवा हिशेब लिहायचा. म्हणून या डिस्कांवर देखरेख करणारे कार्ड, म्हणजे कंट्रोलर, एक युक्ती करतो. मजकूर त्याच्या स्वतःच्या स्मृतीत आला की तो 'लिहिले' असे कळवून मोकळा होतो आणि डिस्कवर सवडीने लिहितो. मध्येच वीज गेली तर ती स्मृती जिवंत ठेवायला कार्डावर एक लहान बॅटरी असते. बॅटरी म्हातारी झाली की कंट्रोलर आपण होऊन हे तोंडी आश्वासन देणे थांबवतो, आणि प्रत्येक पत्र खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत उत्तर देत नाही. सगळी संस्था तक्रार करू लागते की मेल हळू झाला. वस्तुतः तो प्रथमच खरे बोलू लागलेला असतो. आमची बॅटरी बदलायला कार्यालयाने चार महिने घेतले. त्या चार महिन्यांत यंत्राच्या प्रामाणिकपणाबद्दल मला जेवढी बोलणी खावी लागली तेवढी परीक्षेच्या निकालांबद्दलही कधी खावी लागली नव्हती.

रविवारी पहाटे पेटी स्वतःच स्वतःची तपासणी करी: सगळा मजकूर वाचून हिशेब जुळतो की नाही ते पाही. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळेत जटा किंवा घन म्हणताना तीच पदे उलटसुलट गुंफून म्हटली जातात, आणि एक पद चुकले की गुंफण अडखळते. पेटीची तपासणी याच कुळातली. एकदा तपासणीत एका ठिकाणी हिशेब जुळला नाही. दिवे चारही हिरवे. चौघींपैकी कोणीतरी चुकीचे बोलत होती, पण कोण ते कळायला मार्ग नव्हता. मेलेली डिस्क ओळखू येते म्हणून तिची उणीव भरून काढता येते. जिवंत राहून चुकीचे वाचणारी ओळखू येत नाही. दोन पोथ्यांत एका शब्दाचा फरक असला की एक चूक आहे एवढे कळते, निवाडा करायला तिसरी साक्ष लागते. अनेक कंट्रोलर अशा वेळी मजकूर खरा मानतात आणि हिशेब बदलून टाकतात. आमच्यानेही तेच केले. नोंदवहीत एक ओळ आली, 'दुरुस्त केले'. संपादकीय हस्तक्षेपाची इतकी निर्विकार नोंद मी दुसरी पाहिलेली नाही.

२००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. नाशिककर पुराचे माप रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून घेतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. त्या दिवशी तो दिसेनासा झाला, पाणी सराफ बाजारात शिरले. आमची पेटी तळमजल्यावर होती. ती भिजली नाही, पण चार डिस्क एकाच खोलीत, एकाच गावात आहेत हे त्या दिवशी कार्यालयाला पटले आणि टेपची सोय मंजूर झाली. दर शनिवारी एक टेप, चार टेपा पाळीपाळीने, पाचवीला पैसे नाहीत. म्हणजे आमच्या संस्थेची स्मृती बरोबर चार आठवड्यांची.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो.

आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ बाई २०१० च्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. टंकलेखन त्यांना पन्नाशीनंतर आले, पण एकदा आल्यावर त्यांनी ते वाया जाऊ दिले नाही. बागलाण, कळवण, पेठ, सुरगाणा या भागांत प्राथमिक शिक्षक झालेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांशी त्यांचा सतत पत्रव्यवहार चाले. विषय एकच, शब्द. अहिराणीतले, कोकणा बोलीतले. नागलीच्या शेतीचे, राब भाजण्याचे, बाळंतिणीच्या खोलीतले, शिव्यांतले. कोणी शब्द कळवायचा, बाई उलट प्रश्न विचारायच्या: हे पुरुष म्हणतात की बायकाही? पलीकडच्या पाड्यावर काय म्हणतात? म्हातारी माणसे हसतात का हा शब्द काढला की? चार वर्षांची ही प्रश्नोत्तरे आमच्या पेटीत होती, आणि दुसरीकडे कुठेही नव्हती, कारण बाई पत्रे विभागातल्या संगणकावर ब्राउझरमध्येच वाचत. निवृत्तीनंतर एकत्र बसून त्यातून कोश करायचा, असा त्यांचा बेत होता.

संस्थेच्या एका समितीने ठरवलेल्या नियमाप्रमाणे निवृत्त माणसाचे खाते नव्वद दिवसांनी बंद होई. यादी कार्यालयातून जाई आणि ठरल्या रात्री पेटी आपोआप सफाई करी. बाई दिवाळीनंतर आल्या तेव्हा सफाई होऊन काही महिने झाले होते. त्या सर्व्हरच्या खोलीत आल्या, पदराने चष्मा पुसून पेटीकडे पाहत राहिल्या.

'अहो, हे दिवे सगळे हिरवे आहेत ना?'

'हो बाई.'

'म्हणजे काही बिघडलेले नाही.'

'नाही.'

'मग माझी पत्रे कुठे आहेत?'

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे आणि ते फार सरळ आहे. चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत. एकाच हाताने, एकाच क्षणी चार कागदांवर लिहिलेला तो एकच पाठ आहे. त्या हाताने पुसले की चौघींवरून एकदम पुसले जाते, हिशेबासकट. आणि पुसण्याचे काम लिहिण्याइतक्याच निष्ठेने, त्याच चार खेपा करून होते. मोकळ्या जागेवर पुढच्या महिन्यांत परीक्षेची वेळापत्रके आणि गणपतीच्या वर्गणीची पत्रे येऊन बसली, आणि त्यांचाही हिशेब चोख होता. शंभर डिस्क असत्या तरी शंभरांनी आज्ञा पाळली असती. बाईंना मी यातले थोडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, 'म्हणजे तुमची ही चारही मुले एकाच वेळी एकच गोष्ट विसरतात.'

अशा वेळी आपल्याकडे सगळ्यांना इंद्रायणी आठवते. मला त्या कथेचा इथे उपयोग वाटला नाही. तिथे वह्या तेराव्या दिवशी जशाच्या तशा वर येतात, एक मात्राही इकडची तिकडे होत नाही. ते फार तर चांगल्या टेपचे वर्णन झाले. आमच्या प्रकरणाला जवळचा होता तो 'लीळाचरित्रा'चा इतिहास. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसे शोधून, विचारून, पडताळून लिहिल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ती पाठ होती, ज्यांनी ऐकली होती, त्यांनी आपापल्या स्मरणातून पुन्हा लिहिली, आणि एकाचे अनेक पाठ झाले. १९७८ साली वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली तेव्हा सहा-साडेसहाशे वर्षांपूर्वीचे ते पाठभेद संपादकासमोर उभेच होते. पाठभेदांची कटकट वर्गात शिकवताना आपण ती उणीव म्हणून शिकवतो. मी तरी तसे शिकवत असे. पण ग्रंथ राहिला तो याच माणसांमुळे. त्यांच्यातल्या कोणाचीही स्मृती दुसऱ्याच्या आज्ञेत नव्हती, म्हणून एका पोथीबरोबर सगळ्यांचे एकदम गेले नाही.

पत्राला दोन टोके असतात. बाईंचे टोक गेले होते, शिक्षकांची चाळीसेक टोके शिल्लक असण्याचा संभव होता. आम्ही प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकले (ई-पत्रांच्या शोधासाठी पोस्टकार्ड, यातला विनोद बाईंनीच दाखवला). पुढचे वर्षभर उत्तरे येत राहिली. कोणी सीडी पाठवली, कोणी सगळी पत्रे एका दमात पुढे ढकलली, कोणी म्हणाले पासवर्ड आठवत नाही. सुरगाण्याच्या एका गुरुजींनी प्रत्येक पत्र शाळेच्या प्रिंटरवर छापून, भोके पाडून सुतळीत ओवून ठेवले होते. पावसाळी हवेने शाई फुटली होती, तरी वाचता येत होते. कित्येक पत्रे मुळात सापडली नाहीत, पण दुसऱ्याच्या उत्तराखाली अवतरण म्हणून जशीच्या तशी अडकलेली मिळाली. लुप्त ग्रंथांचे तुकडे टीकाकारांच्या अवतरणांतून मिळतात हे आपण परीक्षेत लिहितो. मी ते प्रत्यक्ष घडताना पाहत होतो. आणि अवतरणे देताना लोक कापाकापी करतात, हेही.

एक निराळीच अडचण आली. त्या काळी युनिकोड सर्वांपर्यंत पोचले नव्हते. पुष्कळांनी 'श्रीलिपी', 'कृतिदेव', 'शिवाजी' असल्या टंकांत मराठी लिहिले होते, आणि तो टंक संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. अक्षर न् अक्षर सुरक्षित, आणि वाचता येत नाही! महानुभावांच्या सकळ आणि सुंदरी लिपींतल्या पोथ्या शतकानुशतके अशाच सुखरूप आणि मुक्या होत्या. फरक इतकाच की तिथे कुलूप मुद्दाम घातलेले होते. टंकांची कुलपे आम्ही एकेक करून काढली. एका टंकाचे नाव पाठवणाऱ्यालाही आठवेना. ती सोळा पत्रे बाईंनी अक्षरांच्या वारंवारतेवरून सोडवली, शब्दकोडे सोडवावे तशी, दुपारच्या चहानंतर.

आमची पेटी २०१३ साली भंगारात निघाली. आता संस्थेची पत्रे दूरच्या कोणत्या तरी इमारतीत असतात. नाशिकमध्येही सातपूरच्या बाजूला ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे. तसल्या ठिकाणी डिस्क बदलणाऱ्या माणसाला डिस्कवरची पत्रे कोणाची हे कधीच कळत नसणार. तेही बरेच म्हणायचे. आमच्या चार डिस्क भंगारात देण्यापूर्वी मी नियमाप्रमाणे प्रत्येकीवर शून्ये लिहिली. हे काम नऊ तासांत झाले नाही, दोन दिवस लागले.

बाईंच्या कोशाच्या कामात अजून एक नोंद अडून राहिली आहे. मुलासाठी असलेला अहिराणी शब्द सटाण्याच्या शिक्षकांनी परत पाठवलेल्या पत्रात 'आंडोर' असा आहे. तेच पत्र कळवणच्या बाजूच्या एकाच्या उत्तराखाली अवतरण म्हणून आले आहे, तिथे 'अंडोर'. टंक बदलताना काना गळाला, की कळवणकराने वाचता वाचता आपल्या गावचा उच्चार घातला, हे पत्रांवरून ठरत नाही. मूळ पत्र पेटीत असते तर प्रश्नच उद्भवला नसता, असे मी म्हटले. बाई म्हणाल्या, 'उद्भवला नसता, आणि कळवणला काय म्हणतात ते विचारायचे मला सुचलेही नसते.' त्यांनी दोन्ही रूपे कार्डावर उतरवली आहेत आणि खाली पेन्सिलीने लिहिले आहे: समक्ष जाऊन ऐकणे.